घरून बोल

नागपूरच्या डॉक्टरांनी सोमाजीच्या गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकली, आणि मग त्या आवाजाची एक प्रत चंदाबाईच्या ओसरीत, धानाच्या ढोलीला टेकवून ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये शिल्लक राहिली. हे सांगितलं की ऐकणारा आधी चंदाबाईच्या तोंडाकडे बघायचा, मग ढोलीकडे.

सोमाजी ढिवराचा. पावसाळा-उन्हाळा गावतलावात जाळं टाकायचं आणि हिवाळा लागला की वडशाच्या नाटकमंडळीबरोबर गावोगाव फिरायचं, हा त्याचा नेम. नाटकात तो कायम खलनायक. मंचावर त्यानं किती सुनांना घराबाहेर काढलं, किती भावांच्या जमिनी हडपल्या, गणती नाही. त्याचं ते हसणं सुरू झालं की पुढं तरटावर बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची. आणि हाच माणूस घरी मांजरीलासुद्धा ‘बाजूले सर व माय’ म्हणायचा. चंदाबाई म्हणे, “सगळं वाईटपण मंडपातच सांडून येते हा मानूस. घरी येते तं नुसता शेंदूर फासलेला देव.”

एक खर्रा तेवढा त्याला सुटला नाही. गालात तंबाखू-सुपारीची गोळी नाही असा सोमाजी चंदाबाईनं लग्नाच्या मांडवातच काय तो पाहिला होता. घोगरेपणा आला तेव्हा मंडळीतले लोक खूश झाले, खलनायकाला शोभतो म्हणाले. पुढं पाणी उतरेना, तेव्हा नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, माणूस ठेवतो, आवाज ठेवता येणार नाही.

तेव्हा चंदाबाईच्या मागच्या खोलीत प्रफुल्ल राहायचा. कोरचीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड जवान, वडशाच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला होता. त्याच्या डोक्यात एकच भुंगा: कॉम्प्युटरनं आपल्या आजीसारखं गोंडी बोलावं. पण आजी बोलायला तयार नव्हती. तिचंही कारण होतं. कधीकाळी शहरातून कुणी साहेब येऊन सुकरीआजीची गाणी टेपात भरून घेऊन गेला होता. पुढं एका बाजारात कॅसेटच्या दुकानातून तिला तिचंच गाणं ऐकू आलं, मागं भलतेच ढोल लावलेले. आजी तिथंच रस्त्यात बसली. “माझा आवाज माझ्याआधी बाजारात कसा आला?” एवढंच तिनं विचारलं, आणि त्या दिवसापासून ती कुणासमोर गायली नाही.

सोमाजीचं ऐकून प्रफुल्ल म्हणाला, “काका, ऑपरेशनच्या आधी मले द्या तुमचा आवाज. एकेक शब्द. मंग मी जोडतो.”

मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. चंदाबाई दाराबाहेर बसून कोंबड्या हाकलायची, तेही मुक्यानं, नुसते हात उडवून. आत सोमाजी दुखऱ्या गळ्यानं शब्द बोलायचा. माशांची नावं, नातेवाइकांची नावं, पाणी, भात, ऊन, थंडी, ये, जा, बस. बैलाला द्यायच्या शिव्या. नाटकातली वाक्यं. तो खळाळून हसण्याचा तुकडा.

मग प्रफुल्ल म्हणाला, “काका, आता काकीचं नाव घ्या.”

आतून सोमाजीचा आवाज आला, “हट् बाप्पा. इतकी वर्षं घेतलं नाई, अन् आता डब्ब्यात घेऊ काय?”

“लागंन न काका.”

“नाई लागत. ‘अवो’ लिही.”

आणि त्यानं ‘अवो’ भरून दिलं. भूक लागल्यावरचं अवो, रागातलं अवो, हातात मोठा मासा सापडल्यावरचं, लाडातलं. दाराबाहेर चंदाबाईनं पदर तोंडाला लावला आणि कोंबडी ओसरीत शिरली ती शिरलीच.

ऑपरेशन झालं. सोमाजी गळ्याला भोक आणि त्यावर पातळ रुमाल घेऊन परत आला. लिहायला पाटी होतीच, नाटकवाला असल्यानं अक्षरही वळणदार होतं. पण पाटी काही घरामागच्या सांदवाडीतून हाक मारत नाही, आणि फोनवर तर पाटी दाखवता येत नाही. दामिनी, त्यांची एकुलती लेक, दूर अहेरीला दिली होती. क्लासातला एक जुना कॉम्प्युटर प्रफुल्लनं खटपट करून आणला, कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि चंदाबाईला समोर बसवलं.

“काकी, हे नीट समजून घ्या. ह्या कॉम्प्युटरचा आपला एक आवाज आहे. त्याले नुसतं ‘बोल’ म्हटलं तं तो बोलते. काकांचा आवाज तसा नाई. त्याले मी वेगळं घर बांधून देलं आहे. त्या घरात त्याच्या हिशेबाची भाषा, त्याची अवजारं, सगळं त्याचं त्याचं. बाहेरचं कितीही बदललं तरी आत तेच राहते. म्हणून त्याले बोलवाचं तं पहिले ‘घरून’ लिहाचं. ‘घरून बोल’.”

“माही सासू अशीच होती,” चंदाबाई म्हणाली. “लेकीकडे गेली तरी आपल्या चुलीवरचंच मीठ पदरात बांधून नेये. दुसऱ्याच्या मिठानं तिचं पोट दुखे.”

“बस्. तेच. काकांच्या आवाजाले घरचंच मीठ लागते.”

हे ‘घरून’ लिहायचं होतं इंग्रजी अक्षरांत, आणि चंदाबाई जेमतेम चौथी. तिनं अक्षरं तोंडावरून ओळखायला घेतली. पहिला माशाचा गळ. मग खुर्ची. मग पोट सुटलेली बाई. मग वाळली काडी, मग वाटी, मग घराची चौकट. गळ, खुर्ची, बाई, काडी, वाटी, चौकट. भाकरी थापतानाही ती पुटपुटायची, आणि शेजारची ठमाबाई म्हणायची, “हिनं कोनता मंतर घेतला व? पाऊस पाडून राह्यली का काय?”

पहिल्यांदा ती गळ-खुर्ची विसरली. सोमाजीनं ‘मले पाणी दे’ अक्षरं टिपली, हिनं नुसतं ‘बोल’ लिहून कळ दाबली. तर आतून कुणी दिल्लीकडचा बाबू नाकातून, मोजून-मापून म्हणाला, “म ले. पा नी. दे.” दोघं दचकले. मग सोमाजीचे खांदे हलायला लागले, रुमाल फडफडला. तो हसत होता. त्या बाबूचं नाव त्यांनी ‘पाहुणा’ ठेवलं. घरून म्हणायचं राहिलं की ओसरीत पाहुणा येऊन बसे. दुसऱ्यांदा तिनं नीट लिहिलं आणि ढोलीशेजारून सोमाजी म्हणाला, “मले पानी दे.” थोडं अडखळत, जोड दिसत होता, रफू केलेल्या धोतरासारखा. पण धोतर त्याचंच. चंदाबाई पाणी आणायला उठली आणि मोरीत जाऊन बराच वेळ नुसतीच उभी राहिली.

दामिनीला फोनवर पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती नुसती रडली. पुढं पुढं ती बापाशी भांडायला लागली, आणि चंदाबाईला तेव्हा कुठं बरं वाटलं. मेलेल्या माणसाशी कोण भांडतं?

उन्हाळ्यात प्रफुल्लला हैदराबादेत नोकरी लागली. निघताना त्यानं चंदाबाईच्या हातात एक सीडी ठेवली.

“काकी, घर कधी पडलं, तर हे बियाणं आहे. यात काकांचा सगळा आवाज आहे. माझ्याजवळ मी ठेवला नाई बरं. आजीचं पाह्यलं न मी. ज्याचा आवाज त्याच्या घरी. हे तुम्ही जपजा.”

चंदाबाईनं ती जपली. सोमाजीच्या गळ्याचं जे जे काही होतं, एक्स-रे, रिपोर्टं, फिल्मा, ते सगळं नागपूरच्या दवाखान्याच्या निळ्या कापडी पिशवीत, खुंटीला. गळ्याची वस्तू गळ्याच्या पिशवीत. तिथंच सीडी घातली. यापेक्षा शहाणपणाची जागा तिला अजूनही सुचत नाही.

त्या वर्षी आखाडी अवसेला ग्रहण होतं. गावातल्या पोरांनी सोमाजीच्या मानेचा एक्स-रे मागून नेला आणि त्यातून सूर्य बघायला बसली. ढगांमुळे कुणालाच काही दिसलं नाही. एक्स-रे परत आला, पिशवीत गेला.

मग पोळा आला. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, टेकवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या फांद्या आणि घरातली सगळी पीडा गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात, मारबतीच्या हवाली करतात. ठमाबाई आदल्या दिवशीच सांगून गेली होती, “व चंदा, दवाखान्याचं सामान घरात ठेवू नोको. ते पाहूनच आजार वाट शोधते. यंदा सगळंच्या सगळं देऊन टाक मारबतीले.”

चंदाबाईला ते पटलं. का पटू नये? वर्षभर त्या घरात खोकला, नळ्या, कापूस आणि स्पिरिटचा वास याशिवाय काही नव्हतं. पुढच्या तपासणीचं कार्ड तेवढं तिनं देवाच्या फोटोमागं खोचलं. बाकी थुंकीचं भांडं, नळ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या टोपल्यात भरल्या, खुंटीवरची निळी पिशवी त्यावर ठेवली, त्यावर पळसाच्या फांद्या. शिवेवर सगळ्या बाया ओरडत होत्या, आणि आज तिचा आवाज सगळ्यांत वर होता:

“घेऊन जाय गे मारबत! खोकला-खासी, गाठ-गोळा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत!”

टोपलं पालथं केलं आणि ती वळली. मागं पाहायचं नसतं. पाहिलं तर पीडा पाठीपाठी घरी येते. तिनं पाहिलं नाही. घरी येऊन तिनं ओसरी सारवली, आणि खुंटी रिकामी दिसली म्हणून तिला छत्री अडकवली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

दिवाळीच्या तोंडावर दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सोमाजीचं आता एकच काम: नातवंडाशी काय बोलायचं ते ठरवणं. दवाखान्यातून घरी आणलं की त्याच्या कानावर आजाचा आवाज पडला पाहिजे, आजाचा स्वतःचा. पाटी काय ते ओळखणार. मुलगा झाला तर ‘आला काय रे चोरा’ आणि मुलगी झाली तर ‘आली काय गे चोट्टे’, आणि त्यापाठोपाठ ते हसणं, पण हळू, झाकणाखालून सोडल्यासारखं. दोन्ही तो पुन्हा पुन्हा लावून ऐकायचा. दामिनी पोटावर हात ठेवून ओरडायची, “बाबा, ते आतूनच भेऊन राह्यलं! बाहेर नाई येत मंग!”

“आली काय गे चोट्टे,” ढोलीशेजारून सोमाजी म्हणायचा.

दामिनीलाच हौस आली की कॉम्प्युटरला इंटरनेट जोडावं, म्हणजे बाळाचा फोटो अहेरीला जाईल. वडशाला निकेशचा सायबर कॅफे होता. बायकोपोरांचा, बोलका, कामाला चोख माणूस. तो दुपारी आला, नेटची कांडी जोडली, चहा प्याला. कॉम्प्युटरनं विचारलं, फार जुना झालो आहे, नवा होऊ का? निकेश म्हणाला, हो. कोण नाही म्हणेल? संध्याकाळपर्यंत तो नवा होत राहिला. खिडक्यांचे रंगसुद्धा बदलले.

सकाळी चंदाबाईनं गळ-खुर्ची-बाई-काडी-वाटी-चौकट टिपलं, बोल म्हटलं, आणि पडद्यावर इंग्रजीच्या ओळी धावल्या. आवाज नाही. पुन्हा केलं. पुन्हा ओळी. मग भीतभीत नुसतं ‘बोल’ लिहिलं.

“आ ली. का य. गे,” पाहुणा म्हणाला.

निकेशला फोन गेला. तो तसाच आला, बिचारा पेट्रोल टाकून. ओळी वाचून म्हणाला, “काकी, काल आपण गावच बदललं न. ह्या घराचा पाया गावातल्या जुन्या पायथन भाषेवर होता. तो गेला. घर उभं आहे, पर पाय हवेत.”

“मंग?”

“मंग काई नाई. नेटवर पाह्यलं मी, अख्खी दुनिया हेच सांगते. हे फोल्डर काढून फेकाचं अन् नवं बांधाचं. काय काय लागते त्याची यादी लिहून ठेवली आहे प्रफुल्लनं. यादी देली का जिथलं तिथून सामान आपोआप येते. घर तेच, नवं.” हैदराबादला त्यानं फोनही लावला, पण प्रफुल्ल कामावर असावा, उचलला नाही. “काकी, याच्यात अजून कामाचं काई नाई न? असंन तं कापी हाये न?”

चंदाबाई सुपात तांदूळ निवडत होती. “हाये न,” ती म्हणाली. “सीडी हाये. काउन नसंन?”

सुपातून तिनं मानसुद्धा वर केली नाही.

निकेशनं घर पाडलं. नवं बांधायला घेतलं. लाइट गेली, आली, पुन्हा सुरू केलं. एकेक सामान नेटवरून उतरत होतं. निकेश नावं वाचायचा आणि दामिनी ‘आलं’ म्हणायची, लग्नाच्या आहेरासारखं. ध्वनी तोडायचं आलं. जोडायचं आलं. मराठी अक्षरांचं आलं. आता यादीतली शेवटची ओळ राहिली होती. तिथं कॉम्प्युटर थांबला, बराच वेळ विचार केला, आणि लाल ओळ उमटली.

“काय म्हणते?” दामिनीनं विचारलं.

निकेशनं वाचलं. “‘सोमाजीआवाज’ नावाचं सामान मागते. म्हणते का सगळीकडे शोधलं. जगात कुठीच नाई.”

मग त्याच्या लक्षात आलं. प्रफुल्लनं आवाजालासुद्धा एक सामान समजून, गाठोडं बांधून, घराच्या आतच ठेवला होता. बाकी सगळं जगाच्या दुकानात मिळत होतं. तेवढं एक फक्त ह्याच ओसरीत होतं, आणि ते त्यानं घरासकट फेकलं होतं.

“काई टेन्शन नाई,” निकेश म्हणाला; तोंड मात्र उतरलं होतं. “सीडी आणा काकी. पाच मिनिटाचं काम.”

चंदाबाई उठली. खुंटीपाशी गेली. खुंटीला छत्री होती.

ती छत्रीकडे पाहत उभी राहिली. मागून दामिनी म्हणाली, “माय, काय झालं?” आणि सोमाजी, जो सगळं पाहत होता, त्यानं बाजेवरून हळूच पाटी उचलली आणि पालथी ठेवली.

निकेश त्या दिवशी अंधार पडेस्तोवर बसला. डिस्क खरवडून पाहिली, फेकलेलं उचलायचं एक औषध असतं ते चालवलं. पण नव्या सामानानं जुन्याच्या जागेवर पथाऱ्या पसरल्या होत्या. निघाले ते बिननावाचे तुकडे, कुठं खरखर, कुठं काहीच नाही. जाताना त्यानं चहा घेतला नाही.

प्रफुल्लचा फोन आला तेव्हा चंदाबाईनंच सांगितलं.

“काकी,” तो म्हणाला, “चूक माही आहे. आवाज घराच्या आत नसते ठेवाचा. बाहेर ठेवाचा, वेगळा. मले वाटलं आत जास्त सुरक्षित राहीन.”

“तुह्यापाशी एखांदा तरी असंन न रे? एखांदा शब्द?”

“नाई न काकी. मी पुसून टाकला होता. आजीच्या पायी. तुम्हाले सांगितलं होतं न मी.”

“सांगितलं होतं,” चंदाबाई म्हणाली. तीच मग त्याची समजूत घालत बसली, जेवतोस का, अंगावर काही आहे का.

सोमाजी रागावला नाही. रागावला असता, ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण ओरडायला त्याच्याकडे होतं काय? त्यानं पाटीवर लिहिलं, ‘मारबतीने बरोबर नेले. खलनायक गेला.’ ती पाटी तिनं पदरानं पुसली आणि टोपलं घेऊन शिवेवर निघाली.

ठमाबाई आडवी आली. “बैताडली काय व? मारबतीले देल्लं परत आनतात कोनी? पीडा घरात घेशीन, दोन जिवाची लेक हाये घरात!”

“पीडा नाई मावशी, आवाज आनाले चालली.”

“त्याच टोपल्यात होते न दोन्ही? तुले निवडता येते काय?”

चंदाबाईनं टोपलं काखेत मारलं. ती गेली. शिवेवर पावसानं सगळं एकजीव करून टाकलं होतं. पळसाच्या काड्या, चिखल, एक बाटली, त्यात मुंग्या. निळी पिशवी मिळाली. तिच्यात बेडकीचं पिल्लू होतं. एक्स-रेचं नुसतं काळं पान उरलं होतं, त्यावर आता कुणाचीच मान नव्हती. सीडी नव्हती. तिनं हातांनी माती उकरली, नखं भरली.

परत फिरताना डोळ्यांवर एकदम चमक आली. शेजारी गावातल्या बुधूची बांधी, धानाचं शेत, होती, धान पिवळा पडलेला. मधोमध बांबू, बांबूला दोरी, आणि दोरीला, वाऱ्यावर गिरक्या घेत, सीडी.

“पोळ्यानंतर सापडली जी, तिथी,” बांधीतून वर येत बुधू म्हणाला. “गजब काम करते. उजेड पडला का पाखरं पळतात. काउन बाई, तुमची होती काय?”

तिनं ती सोडवून घेतली. छातीशी धरून आणली, ओल्या फडक्यानं पुसली. एका बाजूची चंदेरी खपली निघून गेली होती; तिच्यातून पलीकडचं बोट दिसायचं. निकेशनं ती कॅफेतल्या प्रत्येक मशीनमध्ये घातली. मशीन घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं, आणि ट्रे बाहेर यायचा, जीभ दाखवल्यासारखा. चंदाबाई दर वेळी त्या घरघरीत कान घालून बसायची. तो घोगरेपणा तिला एकदा ओळखीचा वाटला.

“ते मशीनच आहे, काकी,” निकेश हळूच म्हणाला.

मुलगी झाली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून दामिनी तिला घेऊन आली, चंदाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि बाळ ओसरीत सुपात ठेवलं. सोमाजी सगळ्यांआधी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला होता. रुमाल धुतलेला होता. त्यानं एका बोटानं अक्षरं टिपली आणि चंदाबाईकडे पाहिलं. तिनं नुसतं ‘बोल’ लिहिलं. आता घरून लिहायला घर नव्हतं.

“आ ली. का य. गे. चो ट्टे,” पाहुणा म्हणाला.

बाळ दचकलं, आणि जे रडायला लागलं ते दामिनीनं पदराखाली घेतल्यावरच थांबलं. “नवीन आवाज हाये न बाबा,” ती म्हणाली. “होईन सवय.” सोमाजीनं पुन्हा काहीतरी टिपलं. लहानसं होतं. कळ त्यानं स्वतःच दाबली.

“चं दा,” पाहुणा म्हणाला.

चंदाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत घरात, मांडवात, दवाखान्यात जे कधी झालं नाही ते झालं होतं, आणि झालं तर असं, नाकातून. सोमाजी खाली मान घालून बसला होता. स्वतःच्या आवाजात त्याला ते कधी जमलं नसतं. परक्याच्या तोंडून सांगायला लाज कसली? तिला वाटलं, मेल्या, एकदा अवो म्हण रे. भुकेचं म्हण, रागाचं म्हण. पण ते तिनं तोंडानं काढलं नाही. तिनं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, त्यावर गोधडीचा तुकडा टाकला आणि भात उतरवायला गेली.

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, झाली. मंडपात नाटक लागलं. खलनायक नवा होता. लोक म्हणाले, हसतो बरा. सोमाजी गेला नाही.

दोन दिवसांनी बुधू ओसरीशी येऊन उभा राहिला. पायानं माती उकरत म्हणाला, “काई निघालं काय जी त्यातून?”

“नाई.”

“मंग असं म्हनतो मी... पाखरं लय उतरून राह्यली. मागास धान आहे माहा, अजून उभाच हाये.”

चंदाबाईनं फोटोमागून, कार्डाशेजारून, सीडी काढली. बुधूच्या हातात तिला द्यावीशी वाटेना, म्हणून ती स्वतःच निघाली. मागून सोमाजीही आला, काठी नव्हती तरी काठी असल्यासारखा हळूहळू. बांधीत खरंच पाखरं होती, लोंबीलोंबीला. तिनं बांबू वाकवला, दोरी ओवली, गाठ मारली आणि बांबू सोडून दिला.

सीडी फिरली. उन्हाचा एक तुकडा धानावरून धावत गेला.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सोमाजी उभा होता. कमरेवर हात, छाती पुढं, मान मागं टाकलेली, नाटकात तिसऱ्या अंकाला उभा राहायचा तसा. त्याचं तोंड उघडलं होतं आणि खांदे हलत होते. रुमालातून नुसती हवा येत-जात होती. बांधीतला सगळा थवा एकदम उठला आणि तलावाकडे गेला.

“भेतात जी अजून,” बुधू म्हणाला.

चंदाबाईनं बांबू परत वाकवला आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.